एकाच संगणकावर अनेक कार्यप्रणाली : ग्रामीण महाविद्यालयातील जुन्या मराठी दस्तऐवजांच्या संदर्भात

गोषवारा : एकाच संगणकावर दोन किंवा अधिक कार्यप्रणाली नांदविणे हा बहुधा हौशी संगणकप्रेमींचा विषय समजला जातो. परंतु युनिकोडपूर्व काळात टंकलिखित झालेला मराठी संशोधनपर मजकूर ज्या जुन्या प्रणालीतच नीट उघडतो, ती प्रणाली जपून त्याच यंत्रावर सुरक्षित नवी प्रणाली बसविण्याचा तो एक व्यवहार्य मार्ग आहे. प्रस्तुत लेखात शिराळा परिसराचा संदर्भ घेऊन या मार्गाचे तत्त्व, स्थापनेचा क्रम आणि त्यातील धोके यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : कार्यप्रणाली, बूट लोडर, पार्टिशन, युनिकोड, जुने मराठी फाँट, लिनक्स.

प्रस्तावना

सांगली जिल्ह्याच्या पश्चिमेकडील शिराळा हे तालुक्याचे गाव ‘बत्तीस शिराळा’ या नावाने आणि तेथील नागपंचमीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक येथे आहे. लोकसंस्कृती, मंदिरस्थापत्य, वारणा व मोरणा खोऱ्यातील शेती, चांदोलीचे वनक्षेत्र असे अनेक विषय या परिसरात अभ्यासकांना सहज उपलब्ध होतात. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांमध्ये असे विषय एम.फिल.च्या लघुप्रबंधांसाठी, स्मरणिकांसाठी व वार्षिक अंकांसाठी निवडले जाणे स्वाभाविकच होते.

१९९० नंतरच्या दीड-दोन दशकांत असे लेखन बहुतांशी गावातील वा जवळच्या शहरातील डीटीपी केंद्रात टंकलिखित होई. छापील प्रत ग्रंथालयात जाई आणि मूळ फाइल फ्लॉपीवर, पुढे सीडीवर, नाहीतर कुणाच्या तरी संगणकात राहून जाई. शिराळ्याच्या नागपंचमीचेच उदाहरण घेता येईल. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या पूजेची व मिरवणुकीची जुनी प्रथा पूर्वीच्या रूपात राहिली नाही. त्यापूर्वी कोणी अभ्यासकाने गल्लोगल्ली फिरून टिपणे घेतली असतील आणि ती संगणकावर उतरविली असतील, तर त्या टिपणांना आज पर्याय नाही. ते क्षेत्रकार्य पुन्हा करता येणारे नाही. छापील प्रबंधात टिपणांचा काही भागच येतो, उरलेला फाइलमध्येच असतो.

अशा फाइली ज्या यंत्रांवर उघडतात, ती यंत्रे आता मोडीत निघत आहेत. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक आहे. इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे चालू स्थितीतील अनेक संगणक केवळ या अटीमुळे ‘निरुपयोगी’ या रकान्यात जातात. निर्लेखन समितीसमोर यंत्राची किंमत लिहिली जाते, त्यातील मजकुराची लिहिली जात नाही.

जुना मराठी मजकूर का उघडत नाही

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली व तिच्यात देवनागरीचा समावेश होता. परंतु विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय विंडोज २००० पासून झाली, आणि डीटीपी व्यवसायाने तर ती पुष्कळ उशिरा स्वीकारली. मधल्या काळात मराठी टंकलेखनाची भिस्त श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरवर होती. त्यांचे फाँट एका अर्थाने वेषांतर करीत असत. संगणकाच्या दृष्टीने फाइलमध्ये रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेतांक असत; फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवीत असे. फाँट नसला की वेषांतर गळून पडते आणि पडद्यावर रोमन अक्षरे, प्रश्नचिन्हे व कंस यांची अर्थशून्य सरमिसळ उरते. प्रत्येक उत्पादकाचा आराखडा वेगळा असल्याने एकाचा फाँट दुसऱ्याच्या मजकुराला चालत नाही.

निव्वळ वाचनच करावयाचे असेल तर मूळ फाँटची फाइल नव्या प्रणालीत बसविल्याने बरेचदा काम भागते. पण पान-मांडणी पेजमेकरमध्ये असेल (त्याची अखेरची ७.० ही आवृत्ती २००१ ची आहे), मजकुरात दुरुस्ती करावयाची असेल, किंवा सॉफ्टवेअरला पोर्टमध्ये अडकविण्याचे परवाना-कुलूप म्हणजे डोंगल लागत असेल, तर मूळ प्रणालीच हवी. डॉसच्या काळातील १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागते.

आभासी संगणकाचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचा, पर्याय येथे कोणीही सुचवील आणि जेथे आठ जीबी वा अधिक स्मरणक्षमता असलेले नवे यंत्र आहे तेथे तो निःसंशय सोयीचा आहे. तथापि एक-दोन जीबीच्या जुन्या यंत्रावर तो चालविणे म्हणजे बैलगाडीत बैलगाडी ठेवून हाकण्यासारखे होते. आणि समांतर पोर्टमधील डोंगल आभासी यंत्रापर्यंत पोहोचविणे तर फारच जिकिरीचे. अशा ठिकाणी एकाच यंत्रावर दोन स्वतंत्र कार्यप्रणाली ठेवणे, म्हणजे ‘ड्युअल बूट’ करणे, उचित ठरते. जुनी विंडोज आंतरजालापासून तोडून केवळ जुन्या मजकुरासाठी ठेवावयाची आणि दैनंदिन कामासाठी लिनक्स वापरावयाची, अशी ही विभागणी आहे.

यंत्र सुरू होताना काय घडते

या रचनेतील बहुतेक अपघात प्रारंभाची प्रक्रिया न समजल्याने होतात. म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे.

कळ दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरील मूलभूत प्रोग्राम जागा होतो. जुन्या यंत्रांत तो बायोस असतो. बायोस हार्ड डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा खंड वाचतो. यालाच मास्टर बूट रेकॉर्ड, संक्षेपाने एमबीआर, म्हणतात. त्यातील ४४६ बाइट प्रारंभिक प्रोग्रामसाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागणीच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. तक्त्यातील प्रत्येक नोंद १६ बाइटची, म्हणून मुख्य विभाग चारच होऊ शकतात. अधिक हवे असल्यास एक विभाग ‘विस्तारित’ करून त्याच्या पोटात आणखी पाडावे लागतात. याच तक्त्यामुळे सुमारे दोन टेराबाइटच्या पलीकडील जागा ओळखता येत नाही.

मुद्द्याची गोष्ट अशी की ४४६ बाइटची ती जागा एकच आहे. ज्या कार्यप्रणालीची स्थापना शेवटी होते, ती बहुधा तेथे स्वतःचा प्रोग्राम लिहिते. विंडोजचा प्रोग्राम लिनक्सची दखल घेत नाही. लिनक्सबरोबर येणारा ‘ग्रब’ हा बूट लोडर मात्र इतरांची यादी दाखवून निवड करू देतो. ‘आधी जुनी विंडोज, मग नवी विंडोज, शेवटी लिनक्स’ हा जो क्रम सर्वत्र सांगितला जातो, त्यामागे एवढेच कारण आहे. एक्सपीचा स्वतःचा लोडर आणि व्हिस्टापासून पुढील विंडोजचा बूट मॅनेजर हेही परस्परांहून भिन्न आहेत. जुना नव्याला ओळखत नाही.

नव्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआयने घेतली. तेथे विभागणीचा तक्ता जीपीटी पद्धतीचा असतो व त्यात सामान्यतः १२८ विभागांची सोय असते. प्रारंभिक प्रोग्राम एका छोट्या फॅट३२ विभागात साध्या फाइली म्हणून राहतात. विंडोजची फाइल तिच्या फोल्डरमध्ये, लिनक्सची तिच्या. त्यामुळे एकाने दुसऱ्याला पुसण्याचा प्रश्न उरत नाही. कोणाचा क्रमांक पहिला, एवढाच वाद राहतो आणि तो यूईएफआयच्या यादीत क्रम बदलून मिटतो. मोठ्या अद्ययावतनानंतर ‘लिनक्स नाहीसे झाले’ अशी तक्रार येते तेव्हा पुष्कळदा ते नाहीसे झालेले नसते, रांगेत मागे गेलेले असते.

कोणत्या यंत्रावर कोणती जोडी

एक्सपी यूईएफआय पद्धतीने सुरू होत नाही. म्हणून ज्या बायोसच्या यंत्रावर ती आधीपासून नांदत आहे, तेथेच ती राहू द्यावी. तिची नव्याने स्थापना करण्याच्या फंदात पडू नये. एक्सपीच्या स्थापना-सीडीत सॅटा डिस्कसाठीच्या एएचसीआय पद्धतीचे ड्रायव्हर नसल्याने स्थापना सुरू होताच निळा पडदा येतो, आणि डोंगलचे ड्रायव्हर, फाँटचे संच व परवान्याच्या खुणा पुन्हा जमवाव्या लागतात ते वेगळेच.

तिच्या शेजारी कोणती लिनक्स बसवावी, हे प्रोसेसरवर ठरते. यंत्रावर ३२-बिट विंडोज आहे म्हणजे प्रोसेसरही ३२-बिट आहे, हा समज चुकीचा आहे. २००६ मध्ये आलेल्या कोअर टू ड्युओपासूनचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ६४-बिट क्षमतेचे आहेत. ही तपासणी अगत्याची आहे, कारण ३२-बिट यंत्रांसाठीच्या लिनक्स आवृत्त्या कमी होत चालल्या आहेत; डेबियनने २०२५ मधील तेराव्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठीचे स्थापना-संच देणे थांबविले. सी-डॅकने २००७ पासून विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय वितरणप्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. कमी स्मरणक्षमतेच्या यंत्रावर एक्सएफसीई वा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप निवडावा. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स दोन्हींत सारखाच असल्याने ज्यांचा हात त्यावर बसला आहे त्यांची अडचण होत नाही.

पूर्वतयारी

डिस्कला हात लावण्यापूर्वी मजकुराची प्रत दुसऱ्या स्वतंत्र डिस्कवर घ्यावी. त्याच डिस्कच्या दुसऱ्या विभागात ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे; विभागणीचा तक्ताच बिघडला तर दोन्ही एकदम जातात. केवळ दस्तऐवज नव्हेत, तर फाँटचे संपूर्ण फोल्डरही त्या प्रतीत घ्यावे. फाइली जपल्या आणि फाँट हरवले, तर कुलूप जपून किल्ली टाकून दिल्यासारखे होते. शक्य असल्यास क्लोनझिलासारख्या मुक्त सॉफ्टवेअरने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी. कुठल्याही टप्प्यावर चूक झाली तरी यंत्र पूर्वस्थितीत आणता येते.

विंडोज १० असलेल्या यंत्रावर डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध केलेली आहे काय, हे पाहावे. तशी असल्यास तिची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. प्रारंभाची व्यवस्था बदलताच यंत्र ती मागते आणि ती नसेल तर मजकूर कायमचा बंद होतो. ती किल्ली त्याच संगणकातील फाइलमध्ये लिहून ठेवण्याचा प्रमाद सुशिक्षितांकडूनही घडतो.

दुसरी सावधगिरी विजेची. विभागाचा आकार कमी करताना फाइलींचे तुकडे प्रत्यक्ष सरकविले जातात आणि मध्येच वीज गेली तर अर्धे सरकलेले, अर्धे राहिलेले अशी अवस्था होते. शिराळ्याच्या पावसाळ्यात हे काम यूपीएसशिवाय हाती घेऊ नये, आणि लॅपटॉपचे चार्जरही लावलेले असावे.

स्थापनेचा क्रम

व्हिस्टापासून पुढील विंडोजमध्ये विभाग आकसविण्याची सोय ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्येच आहे आणि विंडोजचा विभाग विंडोजकडूनच लहान करून घेणे श्रेयस्कर. एक्सपीत ही सोय नाही. तेथे प्रथम डिफ्रॅगमेंट करून मग पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या जीपार्टेडचा उपयोग करावा लागतो. आकसल्यावर विंडोज एकदा सुरू करून तिला डिस्क तपासू द्यावी. ती नीट सुरू होते याची खात्री पटल्याखेरीज पुढे जाऊ नये.

यानंतर लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून यंत्र त्यावरून सुरू करावे. त्यासाठीची कळ उत्पादकानुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप अशी बदलते. येथे एक बारकावा आहे. काही यंत्रे बायोस व यूईएफआय अशा दोन्ही पद्धतींनी पेन ड्राइव्ह सुरू करतात. विंडोज ज्या पद्धतीने बसविलेली आहे, त्याच पद्धतीने लिनक्स बसवावी. एक या पद्धतीने आणि दुसरी त्या पद्धतीने बसल्यास ग्रबच्या यादीतून विंडोज सुरू होत नाही व चूक कोठे झाली हे लवकर उमगत नाही.

स्थापनेपूर्वी पेन ड्राइव्हवरूनच लिनक्स थोडा वेळ चालवून पाहावी. नेटवर्क, ध्वनी, मुद्रक आणि पडदा ठीक आहेत काय, हे डिस्कला धक्का न लावता कळते. मग स्थापना सुरू केल्यावर ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय कटाक्षाने टाळून रिकाम्या जागेतच विभाग पाडावे. लिनक्ससाठी २५ ते ३० जीबी, थोडी स्वॅपची जागा आणि उरलेली सर्व जागा सामाईक मजकुरासाठी, अशी वाटणी पुरेशी होते. कोणता विभाग विंडोजचा हे नावावरून न ठरविता आकारावरून ताडून पाहावे, आणि त्यासाठी आधीच आकार कागदावर लिहून ठेवावेत. या एका पडद्यावर घाई करणाऱ्यांचाच मजकूर जातो.

एमबीआरच्या जुन्या यंत्रांत आणखी एक क्वचित आढळणारी अडचण अशी की ग्रबचा मोठा भाग एमबीआर आणि पहिला विभाग यांमधील मोकळ्या जागेत राहतो आणि काही व्यावसायिक सॉफ्टवेअरची परवाना-यंत्रणा आपल्या खुणा त्याच जागेत लिहिते. जुना प्रोग्राम एकदा उघडल्यावर यादीच दिसेनाशी झाली, तर संशय येथे घ्यावा. नवा ग्रब अशा परिचित खुणा ओळखून टाळतो. तरीही पेन ड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसविण्याची कृती लिहून ठेवलेली बरी.

ग्रबच्या यादीत विंडोज दिसली नाही तर घाबरण्याचे कारण नाही. २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून ग्रबने इतर प्रणालींचा शोध घेणे सुरक्षेच्या कारणास्तव मुळातच बंद ठेवले आहे. काही वितरणप्रणाली ते आपण होऊन चालू करतात, काही करीत नाहीत. ग्रबच्या मांडणीच्या फाइलीत ‘ओएस-प्रोबर’ चालू करून यादी नव्याने तयार केली की विंडोज तेथे येते.

दोन प्रणालींमधील देवघेव

लिनक्स विंडोजचा एनटीएफएस विभाग वाचू व लिहू शकते. विंडोज मात्र लिनक्सचा एक्स्ट४ विभाग आपण होऊन वाचत नाही. म्हणून सामाईक मजकुराचा विभाग एनटीएफएसचा करावा. विंडोजमध्ये लिनक्सचा विभाग एखादे वेळी अनोळखी दिसतो आणि त्याचे फॉरमॅट करावयाचे काय, अशी विचारणा होते. प्रयोगशाळेत बसणाऱ्या प्रत्येकाला, विद्यार्थी व सहायक दोघांनाही, या विचारणेला नकार द्यावयाचा असतो हे आधी सांगून ठेवावे.

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. तिच्यामुळे ‘बंद करा’ म्हटल्यावर विंडोज पूर्णतः बंद होत नाही; आपली अर्धवट अवस्था डिस्कवर नोंदवून निजते. त्या अवस्थेत लिनक्सने विंडोजच्या विभागात काही लिहिले, तर जागे झाल्यावर विंडोजच्या स्मरणातील डिस्क आणि प्रत्यक्ष डिस्क यांत तफावत पडते व फाइली बिघडतात. म्हणूनच लिनक्स अशा वेळी तो विभाग केवळ वाचण्यापुरता उघडते, आणि ‘फाइल जतन होत नाही’ अशी तक्रार येते. ही लिनक्सची अडेलतट्टू वृत्ती नसून सावधगिरी आहे. जबरदस्तीने लिहिण्याचे उपाय शोधू नयेत. विंडोजमधील ती सोय बंद करावी.

घड्याळाचाही घोळ होतो. विंडोज यंत्रातील घड्याळात स्थानिक वेळ मानते, तर लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. भारतात दोहोंत साडेपाच तासांचे अंतर असल्याने लिनक्सनंतर विंडोज सुरू केली की सकाळी अकरा वाजता घड्याळ साडेपाच दाखविते. आंतरजालाला जोडलेले यंत्र आपली वेळ दुरुस्त करून घेते. पण मुद्दाम तोडून ठेवलेली एक्सपी ती करीत नाही. मग सुधारलेल्या फाइलीवर चुकीची वेळ बसते आणि प्रबंधाच्या दोन प्रतींपैकी नंतरची कोणती, याचा निर्णय करता येत नाही. लिनक्सला स्थानिक वेळ वापरण्यास सांगणे हा यावरील सोपा इलाज आहे.

२०१२ पासूनच्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ची भर पडली. स्वाक्षरी नसलेला बूट लोडर ती चालू देत नाही. उबुंटू, डेबियन, फेडोरा यांच्याजवळ मान्यताप्राप्त स्वाक्षरीचा छोटा प्रोग्राम असतो, त्यामुळे ती बंद करण्याची गरज बहुधा पडत नाही. मात्र ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या एका अद्ययावतनानंतर अनेक ड्युअल बूट यंत्रांवर लिनक्स सुरू होणे थांबले होते, कारण जुन्या बूट लोडरांची मान्यता त्यात काढून घेतली गेली. दोन्ही प्रणाली अद्ययावत ठेवणे हाच त्यावर उपाय होता व आहे. ज्या कार्यालयीन संगणकावर वेतनपत्रके वा परीक्षेची कामे चालतात तेथे म्हणूनच असा प्रयोग करू नये. ऐन मुदतीच्या दिवशी यंत्र सुरू न होणे कोणालाच परवडत नाही.

मजकुराचे स्थलांतर

जुनी विंडोज चालू राहिली, म्हणजे मजकूर वाचला असे नव्हे. तो युनिकोडमध्ये आणण्यास अवधी मिळाला, इतकेच. फाइल मूळ सॉफ्टवेअरमध्ये उघडून मजकूर आरटीएफ स्वरूपात सामाईक विभागात ठेवावा आणि लिनक्समध्ये येऊन त्या विशिष्ट फाँटसाठीच्या परिवर्तकातून काढावा. सोबत मूळ पानांची पीडीएफ केलेली असावी, म्हणजे ताडून पाहता येते.

हे ताडून पाहणे टाळता येत नाही. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, म्हणजे व्यंजनाच्या आधी, नोंदविलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. ‘शिराळा’ या शब्दातच पहिले चिन्ह वेलांटीचे असे. रफाराचे याच्या उलट: ‘मूर्ती’तील रफार जुन्या पद्धतीत ‘त’ नंतर, तर युनिकोडमध्ये त्याच्या आधी. सामान्य परिवर्तक एवढे सांभाळतात. परंतु ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरावरील वेलांटीत त्यांचा तोल जातो. विशेष खबरदारी ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतील अर्ध्या र ची घ्यावी लागते. हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले परिवर्तक त्याचा रफार करतात आणि ‘आचाऱ्याला’ विचारावयाचे ते ‘आचार्याला’ विचारले जाते. गावांची व माणसांची नावे, जुन्या नोंदींतील आकडे आणि लोकगीतांतील बोलीरूपे मूळ पानाशी शब्दशः ताडावीत, कारण तेथे चूक झाली तर ती अर्थावरून ओळखू येत नाही.

एका प्रबंधाचे असे काम पूर्ण झाले म्हणून मूळ फाइल पुसू नये. परिवर्तित प्रत, पीडीएफ, मूळ फाइल आणि तिचा फाँट हे चारही एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याची एक प्रत ग्रंथालयाकडे द्यावी, आणि कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत ती फाइल उघडली होती हे दाखल नोंदवहीत लिहावे. ग्रबच्या यादीत कोणती ओळ कशासाठी आहे, हे सांगणारी चिठ्ठीही यंत्राच्या बाजूला चिकटविलेली असावी. बदली होऊन येणाऱ्या प्राध्यापकाला अन्यथा पहिल्याच दिवशी काळ्या पडद्यावरील इंग्रजी यादी दिसते आणि तो संगणक बिघडला समजून दुरुस्तीला पाठवितो.